सारिकाची गुळतुला

या दिवाळी अंकात चकलीच्या भाजणीशेजारी माझा लेख येणार, हे ऐकून माझी मुलगी म्हणाली, “आई, लोकांना निदान चार दिवस तरी सुखानं खाऊ दे की.” तिचं म्हणणं खोटं नाही. जन्मभर मी पोटासाठी केलं काय, तर दुसऱ्यांच्या ताटात डोकावले. बारामतीत एका डॉक्टरांच्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ होते. हा शब्द आमच्याकडं कुणाच्या जिभेवर बसला नाही. सगळे मला ‘पथ्याच्या बाई’ म्हणायचे. त्यात मी स्वतः चांगली अंगानं भरलेली. नव्या पेशंटची आई आधी मला खालून वरपर्यंत न्याहाळायची आणि मगच खुर्चीवर टेकायची. माझं त्यामुळं काही अडलं नाही. वाळकी बाई समोर असती तर त्या बायका तिच्याशी इतक्या मोकळ्या बोलल्या नसत्या.

नव्वदच्या सुमाराला मी कामाला लागले तेव्हा माझ्याकडं येणारी मुलं म्हणजे हाडांचे सापळे असायचे. सोमेश्वरनगरला ऊसतोडीसाठी आलेल्या टोळ्यांमधली, उचलून घेतलं तर वजनच लागायचं नाही अशी. त्यांच्या आयांना शेंगदाण्याचं कूट, डाळ, अंडं असलं काहीबाही परवडणारं सांगायचं आणि पोरानं अंग धरलंय की नाही ते पुढच्या खेपेला बघायचं, हे माझं काम. मग हळूहळू दुसरी मुलं दिसू लागली. पाण्यानं ऊस आणला, उसानं मोटारसायकल आणली, मोटारसायकलनं शाळेपर्यंतचं चालणं घालवलं. घरात बिस्किटांचे पुडे उशाला आले. ही मुलं धापा टाकत जिना चढायची आणि त्यांचे आईबाप कौतुकानं मागं उभे राहायचे.

जाडी हा आजार असू शकतो, हे तेव्हा पटवणं महाकठीण. एकदा एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. तो तान्हा असताना सुदृढ बालक स्पर्धेत पहिला आलेला. बक्षीस घेतानाचा फोटो काचेच्या फ्रेमसकट त्यांनी पिशवीतून आणला होता. तो माझ्या टेबलावर उभा करून म्हणाल्या, “ह्याला पयला नंबर डागदरांनीच दिला. आता तुमी म्हणताय जाड हाय. मग तवाचं डागदर खोटं का तुमी खोट्या?” मी फोटोतल्या बाळाचं कौतुक केलं आणि मग चहात साखर किती घालता ते विचारायला लागले.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना वाटतं की पथ्य सांगणं म्हणजे भात बंद, तूप बंद, साखर बंद. वाढत्या मुलाला असं उपाशी ठेवता येत नाही. पुष्कळदा त्याचं वजन उतरवायचंही नसतं. ते आहे तिथं धरून ठेवायचं आणि मुलाला उंचीनं वाढू द्यायचं, म्हणजे अंग आपोआप सारखं होत जातं. डॉक्टर आधी थायरॉईडसारख्या गोष्टी तपासून घेत. सगळं ठीक निघालं की आईबाप हिरमुसायचे, कारण गोळी देऊन सुटका झाली असती. मग राहायचं ते घर. एकट्या मुलाचं ताट वेगळं करायचं नाही, सगळ्या घराचं बदलायचं. जेवण वेळेवर, एकत्र, खाली बसून. आणि मुलाच्या अंगावरून कुणी एक शब्द काढायचा नाही, चेष्टेचाही नाही आणि कौतुकाचाही नाही. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. ते मला पुस्तकातून पाठ होतं. खरं उमगलं ते सारिकामुळं. सारिका हे नाव मी बदललेलं आहे.

ती इंदापूरकडच्या, पळसदेवजवळच्या एका वस्तीवरची. पाचवीत होती. शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली म्हणून तिची आई मंगल आणि आजोबा तिला आमच्याकडं घेऊन आले होते. आजोबांना घरात, वस्तीवर सगळे आबाच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. डोक्याला लाल पागोटं, अंगात शुभ्र बंडी, चिरगुटासारखं हलकं अंग. तरुणपणी मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने फिरलेला माणूस. आता जमिनीला पाणी होतं, मुलगा ट्रॅक्टरवर ऊस वाहत होता आणि गोठ्यात आठवणीला म्हणून थोडी मेंढरं ठेवलेली. डॉक्टरांनी सारिकाला तपासलं. रक्त थोडं कमी, बाकी काही नाही, पण पोर उपाशी दिसतेय म्हणाले आणि माझ्या खोलीत पाठवलं.

उपाशी म्हणावी अशी ती दिसत नव्हती. चांगली गोलमटोल होती. मी नेहमीप्रमाणं तिला काट्यावर उभी राहा म्हटलं, तर तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. बोटं पांढरी पडली, पण हात सुटेना. आबा मात्र हसले.

“अवो बाई, तराजूला सरावल्याली हाय की ती. दरसाल बसती.”

“कुठं बसते?”

मग आबांनी सरसावून बसत सगळी हकिकत सांगितली. त्यांच्या मुलाला लग्नानंतर किती वर्षं मूलच नव्हतं. आबांनी बिरोबाला नवस बोलला, की लेकरू होऊ दे, सातवीपर्यंत दर जत्रेला त्याची गुळानं तुला करीन. मुलगी झाली. वस्तीवरच्या काहींनी सांगितलं, पोरीची कसली गुळतुला करता, पुढं पोरगा होईल तेव्हा करा. आबा इरेला पेटले.

“म्या म्हनलं, देवानं दिलं ते मोजून दिलं, मी बी मोजून देनार. पयल्या साली एवढीशी व्हती, फडक्यात गुंडाळून ठिवली पारड्यात. गूळ गावाला पुरला बी न्हाय. आता बगा, सगळी जत्रा गूळ खाती माझ्या नातीचा.”

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आजही विसरलेले नाही. दुष्काळात मेंढरांमागं भाकरीचा तुकडा चघळत हिंडलेल्या माणसाला नातीच्या अंगावर चढलेलं मांस म्हणजे देवाचा आशीर्वाद वाटावा, यात नवल कसलं. सारिका फरशीकडं बघत उभी होती.

मी आबांना औषधांच्या खिडकीकडं पाठवलं आणि मंगलला बोलतं केलं. तिनं पदर तोंडाला लावूनच सुरुवात केली. जत्रा जवळ आली की सारिका खायचं बंद करते. भाकरी घेते, कुत्र्याला घालते. काल जेवलीस का विचारलं तर व्हय म्हणते. मग एखाद्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना टोपल्यातल्या सगळ्या भाकरी, डब्यातला लाडू, जे सापडेल ते खाते आणि गोठ्यामागं जाऊन ओकते. कडब्याच्या गंजीत बिस्किटाचे रिकामे पुडे सापडतात. लोकांसमोर तर दीड वरसात घास खाल्लेला नाही. लग्नाकार्यात पोट दुखतंय म्हणून बसून राहते.

“शाळंत तिला ढेप म्हनत्यात, बाई. गुळाची ढेप. कुटल्या साली किती ढेपी लागल्या ते पोरांना समदं पाठ हाय. मामंजींस्नी कसं सांगू? त्यांचा किती जीव हाय तिच्यावर.”

सारिकाला मी त्या दिवशी काट्यावर चढवलं नाही. तिच्याशी दुसरंच काहीतरी बोलत बसले. जाताना ती दारात थांबली आणि एवढंच म्हणाली, “जत्रंच्या आत कमी व्हतंय का?” तिचा आवाज अगदी व्यवहारी होता.

त्या काळात आमच्या भागात असल्या आजाराचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. शहरातल्या श्रीमंत मुलींना होतो, असं मीही वाचलेलं. उपास, मग आधाशासारखं चोरून खाणं, मग शरम, मग पुन्हा उपास, असा हा चरक आहे आणि त्यात पोर पिळून निघते. बाहेरून ती जाडच दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, ओकाऱ्या आणि उपास असेच चालू राहिले तर पोरीच्या जिवाला धोका आहे, हृदयावर ताण येईल. पुण्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. आणि आधी ती गुळतुला थांबली पाहिजे. जत्रा महिन्यावर आली होती.

पुढच्या खेपेला मी आबांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं. माझ्या मते तरी नीट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

“बाई, तुमी शिकल्याल्या हाय. पथ्य पोरीला सांगा, मला सांगा, मी मिरची सुदिक सोडतो. देवाला पथ्य सांगू नगा. अजून तीन जत्रा ऱ्हायल्यात. मदीच मोडलं तर लोक काय म्हनतील, म्हातारा पोरीला कटाळला. तवा जे हसले त्येंचंच खरं झालं म्हनायचं.”

त्यांच्या बाजूनं ते बरोबरच बोलत होते. ज्या गावात मुलगी झाली की तोंडं उतरतात त्या गावात या माणसानं नातीला वाजतगाजत पारड्यात बसवलं होतं. तिचा मान राखायला म्हणून जे केलं तेच तिला खात होतं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं. याच्याआधी अशीच अंगानं भरलेली एक मुलगी इंदापूरहून एकदाच आली होती. तिच्या चुलत्यांनी ‘लग्नाच्या वक्ताला बघू’ म्हणून तिला परत नेलं. तिचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तिचा विषय निघाला की अजून जीव हळहळतो.

माझी एक पद्धत होती. महिन्यातून एखाद्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसायचं. दवाखान्यात आया सांगतात ते वेगळं आणि चुलीपुढं दिसतं ते वेगळं. बरोबर एक छोटा वजनकाटा असायचा. मी सारिकाच्या वस्तीवर गेले ते उन्हाळ्याचे दिवस. धरणाचं पाणी उतरलं होतं, एरवी पाण्याखाली असणाऱ्या जुन्या देवळाचा कळस लांबून दिसत होता. मंगल भाकऱ्या थापत होती, मी शेजारी पाटावर. काटा मी पिशवीतच ठेवला होता, पण शेजारच्या एका बाईला दिसला. मग काय, वस्तीवर बातमी गेली. ज्याला त्याला आपलं वजन बघायचं. ओसरीत गर्दी जमली. मला थांबवता येईना. मंगलची एक चुलत जाऊ आपल्या वजनाला खो खो हसली, तिच्या नवऱ्यानं दहा-वीस भाकरींचा हिशोब लावला, आणि कुणीतरी आबांना हाताला धरून काट्यावर चढवलं.

एकानं आकडा मोठ्यानं वाचला आणि ओसरी हसण्यानं भरून गेली.

“आबा, तुमची तुला केली तर एक पाटी गूळ बी लागायचा न्हाय.”

“आबाला वारं लागलं म्हंजी उडून जाईल.”

आबाही हसले. पण पटकन उतरले आणि पागोटं उगाचच पुन्हा बांधू लागले. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

“सारिका कुटं हाय?”

सारिका केव्हाच निघून गेली होती. आबा उठून गोठ्याकडं गेले. मी मागोमाग जाणार होते, पण मंगलनं माझा हात धरला, म्हणाली, “जाऊ द्या त्यांस्नी.” आम्ही दोघी चुलीपुढं बसून राहिलो. भाकरी करपली तरी मंगलच्या लक्षात आलं नाही.

आबा परत आले तेव्हा गर्दी पांगली होती. ते उंबऱ्यावर बसले.

“लोकं हसली तवा वाईट वाटलं बगा मला,” ते म्हणाले. “म्हातारा मानूस मी, मेंढरागत रानोमाळ हिंडल्यालो, मला काय त्याचं. पर वाटलं. आन पोरगी दरसाली बसती. सगळ्या जत्रंम्होरं. आत्ता गोठ्यात म्हनती, आबा, म्या बसते पारड्यात, तुमी रडू नगा. म्या रडत न्हवतो बाई. आता रडतो.”

मंगल हुंदके देऊ लागली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही. तिसऱ्या दिवशी आबा एकटेच एसटीनं बारामतीला आले. दवाखान्याच्या बाकावर आपली पाळी येईपर्यंत लेकुरवाळ्या बायकांमध्ये बसून राहिले. माझ्यासमोर आल्यावर म्हणाले, “नवस म्या बोललो. पोर बोलली न्हवती. जो बोलला त्यो बसंल.”

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. या पोरीचं दुखणं एका दिवसात बरं झालं नाही. आबांनी तिला स्वतः पुण्याला नेलं, पुढं मंगल नेत राहिली. तिथल्या डॉक्टरबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी तिला बोलतं केलं. इकडं मी आणि मंगलनं घराचं जेवण रुळावर आणलं. सकाळची न्याहारी चुकवायची नाही, दुपारी डबा, संध्याकाळी सगळे एका ओळीत. ती किती खाते तिकडं बघायचं नाही, ही अट. आबा जेवताना मुद्दाम दाराबाहेर मेंढरांकडं बघत घास घ्यायचे, इतकी त्यांनी ती मनावर घेतली. मधे पोर दोनदा घसरली, पुन्हा सावरली. शाळेतल्या गुरुजींनी चिडवणाऱ्या पोरांना बसवून समज दिली, त्यांचेही मी आभार मानते. ती बरी झाली त्यात माझा वाटा थोडा आहे. बरंचसं त्या घराचं आहे. माझ्या नोकरीत मला पगार दवाखान्यानं दिला, पण काम कसं करायचं ते असल्या घरांनी शिकवलं, आणि ते ऋण मी आनंदानं डोक्यावर बाळगते.

तर त्या वर्षीची जत्रा. आबांचं बोलावणं होतं म्हणून मी आणि माझे यजमान गेलो. ढोल चालू होता, भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. देवळापुढं लिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगलेला. गर्दी सारिकाला शोधत होती. आबा पुढं आले, पायातलं पायताण काढलं, पारड्याला हात लावून नमस्कार केला आणि स्वतः त्यात बसले. गुडघे हनुवटीला लागलेले. गर्दीत क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुजारी म्हणाला, “आबा, नवस पोरीचा व्हता.”

“शबुद माझा व्हता,” आबा म्हणाले. “तिचं लेकराचं दिस संपलं. आता म्होरलं मी फेडनार. गूळ कमी भरला तर वरनं घालतो. सारिके, घाल गूळ.”

सारिका पुढं आली. तिनं गुळाच्या ढेपी एकेक करून दुसऱ्या पारड्यात ठेवल्या. थोड्याच ढेपींत पारडं हललं आणि आबा झोपाळ्यावर बसल्यासारखे वर गेले. जत्रा हसली. आबा वरून म्हणाले, “हसा की. दर जत्रंला या हसायला.” सारिकाही हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. आबांनी खाली उतरून त्याच्या दुप्पट गूळ स्वतःच्या हातानं पारड्यात घातला आणि सगळ्यांना वाटायला सांगितला.

दुपारी पंगत बसली. पत्रावळी मांडलेल्या, भाकरी, मटणाची आमटी, बाजूला भात. सारिका पंगतीला बसेल असं मंगलला वाटत नव्हतं. ती बसली, माझ्या डाव्या हाताला; उजव्या हाताला मंगल. मी माझ्या पत्रावळीवरून नजर हलवली नाही. आमचाच नियम होता तो. मंगल नुसतीच भाकरी कुस्करत होती हे मला शेजारून कळत होतं. समोरच्या ओळीत तिच्या वर्गातली मुलं होती. आजूबाजूला सगळी वस्ती, सगळी भावकी, त्यात दरसाल तिचा गूळ खाणारे सगळे.

वाढपी आमच्या ओळीवरून पुढं निघून गेला. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. हळू नव्हता, चोरटा नव्हता. साध्या सुरातला, भूक लागलेल्या पोरीचा आवाज होता.

“अवो, हिकडं आमटी वाढा की अजून.”

वाढपी मागं फिरला. त्यानं पळी भरून वाढली आणि पुढं गेला, त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मंगलनं पदराखाली माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आयुष्यभर मुलांना ‘पुरे आता’ म्हणायचा पगार घेतलेली मी बाई, त्या दुपारी एका पोरीनं अजून मागितलं म्हणून डोळे पुसत दुसरी भाकरी खात बसले.